धरणाला 'पर्यावरणपूरक' सर्टिफिकेट मिळतं म्हणजे नक्की काय?

भटक्या_सांगली: मागे सिक्कीमला गेलो होतो, दिक्चूला तीस्ता-५ चं धरण बघितलं. वर हिरवंगार पाणी तुडुंब आणि खाली नदीत नुसते पांढरे धोंडे, मधून एक बारीकशी धार. ड्रायव्हर म्हणाला याला बाहेरचं बक्षीस मिळालंय. खरंय का? कसं काय देतात?

पाणीवाला: खरंय. ५१० मेगावॉटचा प्रकल्प, एनएचपीसी या सरकारी जलविद्युत कंपनीचा. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निकषांवर तपासणी झाली, गाळ, पुनर्वसन, धरणाची सुरक्षितता, खाली सोडायचं पाणी वगैरे. त्यात चांगले मार्क पडले. पण ती आपल्या मंत्रालयाची पर्यावरण मंजुरी नव्हे हां, लोक दोन्हीची खिचडी करतात. मंजुरी बांधायच्या आधी घ्यावी लागते, ही तपासणी चालू धरणाची. आणि पाणी १७ किलोमीटरच्या आसपास बोगद्यातून पुढच्या पॉवरहाऊसला जातं, म्हणून मधली नदी अशी दिसते.

कोयनाकाठ: मार्क पडले आणि ऑक्टोबर २०२३ ला वर दक्षिण ल्होनाक हा हिमनदीच्या पाण्याचा तलाव फुटला, चुंगथांगचं तीस्ता-३ चं धरण वाहून गेलं आणि त्या लोंढ्यात या पाचचंही नुकसान झालं. एकेका धरणाला मार्क देऊन काय उपयोग, नदी तर एकच आहे ना, वरच्याचं पाप खालच्याच्या डोक्यावर.

पाणीवाला: हे मान्य. पण तपासणीच नको असं म्हणू नका राव, निदान कागदावर प्रश्न तरी विचारले जातात.

भटक्या_सांगली: म्हणजे ड्रायव्हर थापा मारत नव्हता. त्याला उगाच हसलो.