रिटर्न कुणाकडून भरून घेता? मराठवाड्यातल्यांनी अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. जुलै जवळ आला की आमच्या ऑफिसात एकच विचारणं सुरू होतं, तुमचा इन्कम टॅक्सचा रिटर्न कोण भरतं? उत्तर येतं ते फीचं नाहीतर रिफंडचं, अमक्यानं एवढा काढून दिला म्हणून. माणूस भरवशाचा आहे का हे कोणीच सांगत नाही. तर संभाजीनगर असो की हिंगोली, तुम्ही माणूस कसा पारखला ते सविस्तर लिहा. नावं-नंबर टाकू नका, जाहिरात नको आणि बदनामी पण नको. माझं मत आधीच सांगतो, जो कागद मागतो त्याच्याकडं जा, जो नुसता ओटीपी मागतो त्याच्यापासून लांब राहा.

जि.प. शिक्षिका, बीड जिल्हा
आमच्या केंद्रात बऱ्याच जणांचे रिटर्न एकच माणूस भरायचा. फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा ऑफिसकडून मिळणारा दाखला, व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि रिफंडची वाट बघायची. माझ्या एका मैत्रिणीनं रिटर्नची कॉपी मागून घेतली तर त्यात राजकीय पक्षाला देणगी दाखवलेली, जी तिनं कधी दिलीच नव्हती! ते बघून मी तिकडं गेलेच नाही. पुढं नोटिसा आल्या तेव्हा हा फोन उचलेना आणि बाकीचे शिक्षक बिचारे हवालदिल. खोटी वजावट दाखवून टॅक्स कमी केला तर त्या टॅक्सच्या २०० टक्के दंड लागू शकतो, आणि तो ज्याचा पॅन त्याला लागतो, भरून देणाऱ्याला नाही. हे प्रत्येक शिक्षकाला माहीत पाहिजे असं मला फार वाटतं.

मी अंबाजोगाईला एका सीए मॅडमकडं जाते. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, सातव्या वेतनाच्या फरकाचा हप्ता यावर्षी जमा झालाय का? झाला होता. मग म्हणल्या रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई भरावा लागतो, नाहीतर फरकावरची सवलत मिळत नाही. जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतीनं टॅक्स किती येतो ते कागदावर मांडून दाखवलं, आणि कोणती घ्यायची ते मला ठरवायला लावलं.

मोंढ्यातून, लातूर
आमची आडत आहे. दोघांना विचारलं होतं. पहिला म्हनला टर्नओव्हरच्या ८ टक्के नफा दाखवू, वह्या-बिह्या कशाला, सगळेच तसं भरायलेत. दुसऱ्यानं आधी विचारलं की स्वतःचा माल घेऊन विकता किती आणि नुसती आडत किती. कारण कमिशनच्या उत्पन्नाला ती ८ टक्क्यांची सोय लागूच होत नाही, हिशोब ठेवावाच लागतो. दुसऱ्याची फी जास्त होती तरी त्याच्याकडंच दिलं. धंदा न विचारता फॉर्म भरायला बसतो त्याला काय कळनार आपलं?

धाराशिव
बोर्डावर सीए लिहिलंय म्हणजे खराच सीए का? कसं बघायचं?

पगारदार, संभाजीनगर
@धाराशिव, मेंबरशिप नंबर विचारा आणि सीए इन्स्टिट्यूटच्या वेबसाइटवर टाकून बघा. खरा सीए नंबर द्यायला कचरत नाही. पण एक सांगतो, साध्या पगाराच्या रिटर्नला सीएच पाहिजे असं काही नाही, टॅक्सचं काम करणारे वकील आणि प्रॅक्टिशनर पण चांगले असतात, माझा स्वतःचा रिटर्न असेच एक वयस्कर वकीलसाहेब भरतात. ते एआयएस, म्हणजे आपल्या व्यवहारांची खात्याकडं असलेली यादी, उघडून बँकेचं व्याज, एफडी, शेअर सगळं माझ्यासमोर जुळवतात. टॅक्स ऑडिट, म्हणजे धंद्याच्या हिशोबाची टॅक्ससाठीची तपासणी, असेल तर मात्र सीएच लागतो.

शेतकरी, परभणी जिल्हा
आमची जमीन तलावात गेली. मावेजातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला टॅक्स, कापला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळालेल्या मावेजावर इन्कम टॅक्स नसतो, पण कापलेला पैसा रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाही. गावात एकजण आला की रिफंडचे २० टक्के द्या, मी काढून देतो. पुतण्यानं जिंतूरच्या सीएला विचारलं तर ते म्हणाले आम्हाला अशी टक्केवारीवर फी घेता येत नाही, आमच्या संस्थेचा नियम आहे. ठरलेली रक्कम सांगितली, सातबारा, निवाड्याची प्रत अन् २६एएस, म्हणजे कापलेल्या टॅक्सचा खात्याकडचा उतारा, मागितलं. पैसे थेट वडिलांच्या खात्यात आले. आनखी कोणाची जमीन गेली असेल तर वेळेत भरा बाबांनो, मुदत गेल्यावर अपडेटेड रिटर्न भरता येतो पण त्यात रिफंड मागता येत नाही!

नांदेडकर, सध्या पुणे
वडील पेन्शनर. त्यांचं इन्कम टॅक्स पोर्टलवरचं प्रोफाइल उघडलं तर मोबाइल आणि ईमेल दोन्ही रिटर्न भरणाऱ्याचे. म्हणजे खात्याकडून काही आलं तरी आम्हाला कळणारच नाही. त्यानं काही वाईट केलं होतं असं नाही, सगळ्यांचंच तो तसं करतो सोयीसाठी. पण आम्ही आधार ओटीपीनं लॉगिन करून नंबर बदलला, पासवर्ड पण. नवीन ज्यांच्याकडं जातो त्यांना पहिलंच सांगितलं की नंबर आमचाच राहील, ते लगेच हो म्हणाले. आता ई-व्हेरिफायचा, म्हणजे भरलेला रिटर्न ऑनलाइन पक्का करायचा, ओटीपी वडिलांच्या फोनवर येतो, रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ते करावं लागतं.

धाराशिव
आभारी आहे सगळ्यांचा. आईचा रिटर्न पण तसाच भरलाय, प्रोफाइलमधला नंबर आजच बघतो. कळंब-भूम भागात बांधकाम ठेकेदाराचे रिटर्न कोणी नीट हिशोबानं भरत असेल तर त्यांनी सुरुवातीला काय काय कागद मागितले तेवढं कोणीतरी लिहा.