गंधकयुक्त टेलिंग्जचा भराव: २८ दिवसांनंतर ताकद का घटते?

प्रश्न:
मी मूळचा नागपूरचा असून राजस्थानातील शिसे-जस्ताच्या एका भूमिगत खाणीत भरावाचे काम पाहतो. आमच्या टेलिंग्जमध्ये (धातू काढून घेतल्यावर उरलेल्या, बारीक दळलेल्या खडकात) पायराइट भरपूर आहे, थोडे पायरोटाइटही आहे; दोन्ही लोह आणि गंधकाची खनिजे. रिकाम्या स्टोपमध्ये (खनिज काढल्यावर उरलेल्या पोकळीत) सोडण्यासाठी आम्ही त्यांची पेस्ट करून तिच्यात ५ टक्के साधे पोर्टलँड सिमेंट मिसळतो. २८ दिवसांचे नमुने उत्तम ठरतात. मात्र ९० दिवसांच्या नमुन्यांची ताकद वाढण्याऐवजी घटलेली आढळली, आणि फुटलेल्या दंडगोल नमुन्यांच्या (सिलिंडरच्या) कडेला तांबूस कवच व भेगांत भिंगातून दिसणारी पांढरी, सुईसारखी स्फटिके होती. खर्च वाचवण्यासाठी काही सिमेंटऐवजी फ्लाय अॅश (कोळशावरील वीजकेंद्राची राख) वापरावी, असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे. त्याने हे दुखणे कमी होईल का?

उत्तर १:
केवळ फ्लाय अॅशने ते बरे होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पायराइटला हवा आणि पाणी मिळाले की गंधकाम्ल तयार होते. ते सिमेंटमधील चुना खाते, आणि सुटलेल्या सल्फेटपासून जिप्सम व एट्रिंगाइट (सुईसारखी सल्फेट स्फटिके) तयार होतात. सुरुवातीला ही स्फटिके पोकळ्या भरून काढतात, म्हणून २८ दिवसांचा आकडा चांगला दिसतो. जागा संपली की तीच भराव आतून फोडू लागतात. पायरोटाइट पायराइटपेक्षा पुष्कळ वेगाने गंजते, त्यामुळे ते थोडे असले तरी त्याकडे दुर्लक्ष करू नये.

फ्लाय अॅशला काम करण्यासाठी सिमेंटमधूनच चुना मिळावा लागतो आणि ५ टक्क्यांच्या मिश्रणात तो आधीच तुटपुंजा असतो. त्याऐवजी झोतभट्टीची बारीक दळलेली स्लॅग (लोखंड गाळताना उरणारी मळी) घेऊन पाहा. कॅनडातील सल्फाइड खाणींत ८० भाग स्लॅग आणि २० भाग सिमेंट असे प्रमाण रूढ आहे, कारण त्यात मोकळा चुना कमी उरतो आणि पोकळ्याही बारीक होतात. ताकद मात्र सावकाश येते, म्हणून बॅरिकेडवरचा (ओला भराव अडवणाऱ्या भिंतीवरचा) भार आणि भरण्याचा वेग नव्याने तपासावा लागेल.

उत्तर २:
ते तांबूस कवच पाहून मला वेगळी शंका येते. नमुने उघड्यावर वाळले होते का? पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो, त्यामुळे स्टोपमध्ये ओली राहिलेली पेस्ट आपल्या कपाटातील सिलिंडरपेक्षा खूपच कमी बिघडते. एका खाणीत आम्ही सुकलेल्या नमुन्यांवरून सिमेंट वाढवत गेलो आणि अख्खे वर्ष विनाकारण खर्च केला, ही चूक मला आजही सलते. नमुन्यांचा एक संच प्लास्टिकमध्ये सीलबंद ठेवा, दुसरा उघडा ठेवा. मिसळण्याच्या पाण्यातील सल्फेटही मोजून घ्या.

उत्तर ३:
स्लॅगचा सल्ला योग्य आहे, परंतु भिलाई किंवा जमशेदपूरहून राजस्थानपर्यंतचे भाडे धरल्यावर ती स्वस्त उरते का, हा हिशेब आधी मांडावा. फ्लोटेशनने (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून खनिज फेसाबरोबर वर काढण्याच्या पद्धतीने) पायराइटचा मोठा भाग वेगळा काढून उरलेल्या टेलिंग्जचीच पेस्ट करणे हाही एक मार्ग आहे. वेगळा काढलेला गंधकयुक्त भाग मग पाण्याखाली राहणाऱ्या खोल स्टोपमध्ये ठेवता येतो.

प्रश्नकर्ता:
नमुने उघड्या कपाटातच होते, हे मला आज तपासल्यावर कळले. आता स्लॅगचे मिश्रण आणि सध्याचे मिश्रण, दोन्हींचे सीलबंद व उघडे संच मांडून ७, २८, ९० आणि १८० दिवसांनी दाबून पाहणार आहे, आणि तोपर्यंत मिश्रण बदलू नये, असे व्यवस्थापनाला लेखी कळवतो.