अपडेटनंतर एकाच वेळी तीन बिघाड: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (काळापडदा)

गेल्या गुरुवारी रात्री माझ्या लॅपटॉपने विंडोज ११ चे मासिक अपडेट घेतले आणि शुक्रवारी सकाळपासून तीन तक्रारी एकदम सुरू झाल्या. पहिली अशी की झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप पुन्हा उघडला तर पडदा काळाच राहतो. कीबोर्डचे दिवे लागतात, झाकण मिटण्यापूर्वी एखादे ध्वनिमुद्रण लावलेले असेल तर ते पुढे ऐकूही येते. म्हणजे यंत्र जागे झालेले असते, दिसत मात्र काहीच नाही. अशा वेळी पॉवरचे बटण दाबून धरून ते बंद करण्यावाचून मला गत्यंतर राहत नाही. दुसरी तक्रार, पंखा सतत फिरत असतो आणि दोन पानांचा मजकूर उघडायलाही अर्धे मिनिट लागते. तिसरी, वायफायवरचा प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवला जातो, वास्तविक तो हाताच्या अंतरावर सुरू आहे.

लॅपटॉप पाच-सहा वेळा बंद करून चालू केला, छपाईची रांग रिकामी करून पाहिली. फरक पडला नाही. दुरुस्तीची कामे करणाऱ्या एका परिचितांनी सरळ फॉरमॅट करण्यास सांगितले, तर दुसऱ्या एकांनी डिस्क क्लीनअप चालवून विंडोजच्या जुन्या फाइली उडवण्यास सुचवले. माझा प्रबंध तीन आठवड्यांत सादर करायचा आहे आणि शेवटचा बॅकअप पंधरा दिवसांपूर्वीचा आहे. अपडेट काढून टाकावे, फॉरमॅट करावे, की आणखी काही मार्ग आहे?

उत्तर (आधीनोंद)

सर्वप्रथम प्रबंधाची आजची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. हे झाल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. दोन्ही परिचितांचे सल्ले तूर्त बाजूला ठेवा. फॉरमॅट केल्यावर बिघाड गेला तरी तो कशाचा होता हे कळत नाही, आणि दोष एखाद्या ड्रायव्हरचा (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा) असला व तोच पुन्हा आपोआप येऊन बसला तर तीच काळी सकाळ पुन्हा उजाडते. डिस्क क्लीनअपचे म्हणाल, तर विंडोजची आवृत्तीच बदलणारे मोठे अपडेट आलेले असल्यास पूर्वीच्या आवृत्तीवर परतण्याची वाट साधारणपणे दहा दिवस खुली असते, आणि ती वाट ज्या ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरातून जाते नेमके तेच फोल्डर त्या सफाईत उडू शकते. आपले अपडेट मासिक असल्याने बहुधा तो प्रश्न येणार नाही, परंतु खात्री होईपर्यंत काही पुसू नये.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांना ठाऊक नसते. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर यंत्रणेचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही; त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व काही कोरे सुरू होते. त्यामुळे आपण पाच-सहा वेळा बंद-चालू केले असले तरी खरा रीस्टार्ट एकदाही झालेला नसण्याची शक्यता आहे. तो आधी करा.

त्यानंतर शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत टाइप करून रिलायबिलिटी मॉनिटर उघडा. त्यात प्रत्येक दिवसाचा एक उभा रकाना असतो. बिघाडांपुढे तांबडी फुली आणि यशस्वी इन्स्टॉलेशनपुढे निळे चिन्ह दिसते. गुरुवारच्या रकान्यात काय काय नोंदले आहे ते येथे लिहा. आपण ज्याला ‘एक अपडेट’ म्हणतो ती अनेकदा एकाच रात्री आलेली तीन-चार वेगवेगळी पुडकी असतात, आणि दोष त्यांपैकी एखाद्यातच असतो, किंवा कशातच नसतो.

पडदा पुन्हा काळा झाला तर बटण दाबून धरण्याआधी विंडोज, कंट्रोल आणि शिफ्ट या तीन कळा धरून ‘बी’ दाबा. या जोडणीने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एक बीप ऐकू येऊन पडदा परत आला, तर संशयिताचे नाव जवळजवळ मिळाले असे समजा.

उत्तर (सावधपाऊल)

मला तर अपडेट्सचा मोहच नको वाटतो. १९ जुलै २०२४ रोजी एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली, विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत कामे खोळंबली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चालू असलेल्या यंत्राला हात का लावावा? आलेले अपडेट काढून टाकावे आणि पुढची बंद करावीत, असे माझे मत आहे.

उत्तर (आधीनोंद)

सावधपाऊल, आपण दिलेले उदाहरण खरे आहे, परंतु ते आपल्याच मताविरुद्ध जाते. ते अपडेट विंडोजचे नव्हते. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची ती एक लहानशी फाइल होती, आणि विंडोजची अपडेट्स बंद ठेवलेल्या यंत्रांवरही ती पोहोचली असती. ती फाइल कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतली, तरी जी यंत्रे तोवर कोसळली होती त्यांपैकी असंख्य यंत्रे सुरूच होत नसल्याने प्रत्येकापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या भागांनिशी सुरू होते त्या अवस्थेत) शिरून, ती हाताने काढावी लागली.

उलट बाजूचे उदाहरणही पाहा. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने विंडोजमधील ज्या छिद्राचा उपयोग केला, ते बुजवणारे अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध झाले होते. सुरक्षेचे मासिक अपडेट आठवडाभर पुढे ढकलणे मला समजते, मीही कधीकधी तसे करतो. कायमचे बंद ठेवणे ही वेगळी गोष्ट झाली.

काळापडदा, सेफ मोडचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्या लॅपटॉपची डिस्क आपल्या नकळत एन्क्रिप्ट (म्हणजे कीशिवाय वाचता न येणारी) झालेली असू शकते. अलीकडच्या बऱ्याच यंत्रांवर ती तशी मुळातच असते. दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर यंत्राने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली आणि ती हाती नसली, तर स्वतःच्याच फाइलींपुढे कुलूप लागते. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की आहे का ते आजच पाहा आणि असल्यास कागदावर उतरवून घ्या.

प्रतिसाद (काळापडदा)

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. प्रबंधाची प्रत घेतली व दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. ४८ अंकी की खात्यात सापडली. माझी डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे याची मला खरोखरच कल्पना नव्हती.

गुरुवारच्या रकान्यात तीन निळ्या नोंदी आहेत: विंडोजचे मासिक सुरक्षा अपडेट, डॉट नेटचे (अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरचे) अपडेट आणि ‘डिस्प्ले’ असा शब्द असलेला एक ड्रायव्हर. शुक्रवारपासून पुढे रोज दोन-तीन तांबड्या फुल्या असून प्रत्येकीपुढे ‘विंडोज नीट बंद झाले नाही’ अशा अर्थाची ओळ आहे. रीस्टार्ट केल्यावर यंत्र थोडे हलके वाटले, पण झाकण उघडल्यावर पडदा पुन्हा काळाच होता. आपण सांगितलेल्या चार कळा दाबल्या, बीप ऐकू आला आणि पडदा परत आला!

उत्तर (आधीनोंद)

मग मासिक अपडेटला हात लावू नका. आधी फक्त ड्रायव्हर मागे घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खालील नावावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘ड्रायव्हर’ या टॅबवरील तारीख व आवृत्ती आधी लिहून ठेवा. नंतर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते बटण फिकट दिसत असेल, तर पूर्वीचा ड्रायव्हर जपलेला नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा जुना ड्रायव्हर घ्यावा, ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देऊ करणाऱ्या भलत्या ठिकाणांहून घेऊ नये. रोल बॅक केल्यावर रीस्टार्ट करा आणि झाकण निदान पाच वेळा मिटून-उघडून पाहा. ही चाचणी होईपर्यंत दुसरा कोणताही बदल करू नका, नाहीतर कशाने गुण आला ते सांगता येणार नाही.

त्या तांबड्या फुल्या म्हणजे आपण बटण दाबून धरलेल्या वेळा आहेत, आणि मंदपणाचे कारण माझ्या मते तेथेच दडलेले आहे. अपडेटनंतर विंडोजला पडद्यामागे बरेच काम उरकायचे असते: उरलेले भाग बसवणे, शोधासाठी फाइलींची सूची नव्याने करणे, डॉट नेटचे भाग यंत्राला साजेसे रूपांतरित करणे. एरवी काही तासांत हे संपते आणि पंखा शांत होतो. आपल्याकडे मात्र पडदा काळा झाला की वीज तोडली जाते, आणि काम अर्धवट राहते. चालू असलेली कामे दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ किंवा ‘सर्च इंडेक्सर’ ही नावे यादीत सर्वांत वर दिसत असतील तर हा अंदाज बरोबर ठरेल. पडद्याचा प्रश्न सुटल्यावर लॅपटॉप चार्जरला जोडून, झाकण उघडे ठेवून, झोपेची वेळ ‘नेव्हर’ करून रात्रभर राहू द्या.

वीज अशी वारंवार तोडली गेल्याने यंत्रणेच्या फाइलींना इजा झाली असणेही शक्य आहे, म्हणून सकाळी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डीआयएसएम या विंडोजच्याच दुरुस्ती-साधनाची ‘रिस्टोअर हेल्थ’ ही आज्ञा चालवा व ती पूर्ण झाल्यावर एसएफसी या फाइली तपासणाऱ्या साधनाची ‘स्कॅननाऊ’. क्रम उलटा करू नये, कारण एसएफसी बिघडलेल्या फाइलीच्या जागी जी चांगली प्रत आणते ती ज्या साठ्यातून येते, तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करते.

उत्तर (जाळेविणकर)

मला फक्त प्रिंटरबद्दल विचारायचे आहे. ज्या संगणकाने हे अपडेट घेतलेलेच नाही, त्यावरून छपाई होते का? आणि त्या गुरुवारी किंवा शुक्रवारी आपल्याकडची वीज गेली होती का?

प्रतिसाद (काळापडदा)

ज्या जुन्या संगणकावर प्रबंध उघडून पाहिला, त्यावरही प्रिंटर ऑफलाइनच आहे! आणि होय, गुरुवारी रात्री तासभर वीज नव्हती.

उत्तर (जाळेविणकर)

तर मग या बिघाडाचा अपडेटशी काही संबंध नाही. वीज येताच राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला घरच्या नेटवर्कवरचा नवा पत्ता दिला असावा. दोन्ही संगणक अजून जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत आहेत. प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्कच्या माहितीचे पान छापून घ्या. नंतर लॅपटॉपवर प्रिंटर प्रॉपर्टीजमधील ‘पोर्ट्स’ या टॅबवर कोणता पत्ता नोंदलेला आहे ते त्या पानाशी ताडून पाहा.

प्रतिसाद (काळापडदा)

तीन दिवसांनी लिहीत आहे, कारण प्रत्येक बदलानंतर थांबून पाहायचे ठरवले होते. रोल बॅकचे बटण सुदैवाने फिकट नव्हते. ड्रायव्हर मागे घेतल्यापासून झाकण किमान वीस वेळा मिटले-उघडले आहे, पडदा एकदाही काळा राहिला नाही. टास्क मॅनेजरमध्ये आपण सांगितलेली दोन्ही नावे सर्वांत वर होती; रात्रभर यंत्र चालू ठेवल्यावर पहाटे जाग आली तेव्हा पंखा थांबलेला होता. एसएफसीने काही सदोष फाइली सापडल्याचे व त्या दुरुस्त केल्याचे सांगितले. मासिक अपडेट जागच्या जागी आहे.

प्रिंटरच्या पानावर १९२.१६८.१.१४ असा पत्ता छापून आला, लॅपटॉपच्या पोर्टवर १९२.१६८.१.९ होता. नवे पोर्ट जोडताच अडकलेली अकरा पाने एकापाठोपाठ बाहेर पडली. एकच शंका उरली: तो ड्रायव्हर विंडोज पुन्हा आपोआप आणून बसवील का?

उत्तर (आधीनोंद)

बसवू शकते. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या ‘हार्डवेअर’ टॅबवर ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ आहे. तेथे तूर्त ‘नो’ निवडा. आपण लिहून ठेवलेल्या आवृत्तीपेक्षा नवी आवृत्ती कंपनीच्या संकेतस्थळावर आली की ती हाताने बसवून झाकणाची चाचणी पुन्हा घ्या, आणि ती आवृत्ती चाचणीत उतरली तर सेटिंग पूर्ववत करा. मात्र हे प्रबंध सादर झाल्यानंतर.

उत्तर (जाळेविणकर)

आणि राउटरच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटरसाठी तो .१४ चा पत्ता राखून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा पोर्ट बदलत बसावे लागेल. जुन्या संगणकावरचे पोर्टही बदलायचे राहिले असेल.