लोखंडी डायवर एनएफसी स्टिकर वाचला जात नाही

टूलरूम_अंबड
अंबड एमआयडीसीत प्रेस टूलचं काम आहे. फोन टेकवला की डायचा (पत्रा कापायच्या-वाकवायच्या साच्याचा) नंबर, शेवटचं ग्राइंडिंग आणि स्ट्रोकची नोंद दिसावी, म्हणून २५ मिमीचे गोल एनएफसी स्टिकर (एनटॅग २१३ चिपचे) घेतले. टेबलावर अँड्रॉइड फोन ते वाचतो, लिहितोही. डायवर चिकटवले की काहीच नाही. आयफोनवर तर टेबलावरही मजकूर दिसत नाही. ऑफिसातला यूएसबी रीडर दहा आकडी नंबर देतो, तो फोनमध्ये दिसणाऱ्या यूआयडीशी (चिपच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाशी) जुळत नाही. आणि लिहिलेलं पुसू नये म्हणून लॉक करावं का?

सातपूर_कंट्रोल्स
स्टिकर खराब नाहीत. रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झ क्षेत्रामुळे लोखंडात भोवरी प्रवाह तयार होतात, ते क्षेत्र दाबून टाकतात आणि अँटेनाचं ट्यूनिंगही सरकतं. मागे फेराइटचा थर असलेले ‘ऑन-मेटल’ टॅग घ्या. हातातले वापरायचेच असतील तर मध्ये प्लास्टिकची चकती हवी: ५ मिमीला जेमतेम वाचतील, १० मिमीला बरं. सगळ्यात सोपं म्हणजे प्लास्टिकच्या बिल्ल्यावर स्टिकर लावून तो केबल टायने डायला लटकवणं. वाचताना बिल्ला लोखंडापासून दूर धरायचा. भोक स्टिकरच्या बाहेर पाडा, अँटेनाची तार तुटली की टॅग मेला.

चिकटवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल पूर्ण काढा. चिपची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे. प्रेस टूलला चालेल, गरम मोल्डला नाही.

गंगापूर_रोड_डेव्ह
आयफोनचं कारण वेगळं आहे. एक्सएस आणि पुढचे आयफोन ॲपशिवाय टॅग वाचतात, पण फक्त लिंक उघडतात. साधा मजकूर दाखवत नाहीत. म्हणून टॅगवर मजकूर लिहूच नका, त्या डायच्या ऑनलाइन शीटची छोटी लिंक लिहा. तशीही २१३ मध्ये जागा १४४ बाइटच असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट खातं. म्हणजे ४५ चिन्हांच्या आसपास संपलं. नोंदी शीटमध्ये बदलत राहतील, टॅगला पुन्हा हात लावावा लागणार नाही. आयफोनचा वरचा काठ टेकवा. अँड्रॉइडमध्ये अँटेना बहुधा पाठीच्या मध्यावर किंवा कॅमेऱ्याजवळ असते.

सातपूर_कंट्रोल्स
रीडरबद्दल: एनटॅगचा यूआयडी ७ बाइटचा असतो. कीबोर्डसारखे चालणारे बरेच स्वस्त रीडर त्यातले ४ च घेतात, तेही उलट्या क्रमाने, आणि दशमानात छापतात. फोनमध्ये सुरुवात ०४ ए२ ३बी ५सी असेल तर असा रीडर १५४७४११९७२ दाखवेल. शीटमध्ये रीडरच्या नंबरचा वेगळा रकाना करा आणि तो नंबर दोन डायना सारखा येत नाही ना ते तपासा. संगणकावरूनच लिहायचं असेल तर एसीआर१२२यूसारखा लिहू शकणारा रीडर लागेल. १२५ किलोहर्ट्झचा हजेरीचा रीडर मात्र हे टॅग वाचणारच नाही.

टूलरूम_अंबड
लिंकचं पटलं. मग लॉक केलं तर चालेल ना?

गंगापूर_रोड_डेव्ह
कायमचं लॉक नको. चिपमधले लॉकचे बिट एकदा चढले की उतरत नाहीत. शीटचा पत्ता बदलला की सगळे टॅग फेकावे लागतील. एनएफसी टूल्स ॲपमधून पासवर्ड लावा. तो ४ बाइटचा असतो आणि हवेतून उघडाच जातो, त्यामुळे मुद्दाम छेडणारा अडणार नाही, पण चुकून पुसलं जाणं थांबेल. क्रम असा ठेवा: लिंक लिहा, दोन्ही प्रकारच्या फोनवर वाचून बघा, डायवर बसवून पुन्हा वाचा आणि मगच पासवर्ड. सगळ्या टॅगना एकच पासवर्ड ठेवून तो शीटच्या मालकाकडे लिहून ठेवा. हरवला तर तो परत मिळवायची सोय चिपमध्ये नाही.