सोसायटीत हात वर करण्याऐवजी 'हरकत आहे का' विचारलं तर?

डोंगरउतार:
आम्ही अकरा कुटुंबांनी मुळशीकडे मिळून जमीन घेतलीये, शनिवार-रविवार तिथे, बाकी कोथरूड. दोन वर्षांत एकदाही मतदान नाही. सतरंजीवर गोल बसायचं, प्रस्ताव वाचायचा, एकेकाला विचारायचं, हरकत आहे का? आवडलं का हे विचारतच नाही. आणि हरकत घेतली तर सगळ्यांचं कुठे अडेल ते सांगायचं. पाण्याची टाकी वरच्या बांधावर ठेवायची होती, दहा घरं तयार, एक काकू म्हणाल्या टाकी ओसंडली की पाणी थेट खालच्या घराच्या जोत्यात. मतदान असतं तर काकू हरल्या असत्या. मग टाकी सरकवली, ओव्हरफ्लोचा पाइप ओढ्याकडे काढला, आणि एक पावसाळा बघू म्हटलं. ही काही आमची अक्कल नाही, नेदरलँड्समधे केस बूके यांनी १९२६ ला सुरू केलेली शाळा पोरांना धरून सगळ्यांच्या संमतीने चालायची, तिथेच शिकलेल्या गेरार्ड एंडेनबर्ग यांनी पुढे स्वतःच्या इलेक्ट्रिकल कंपनीत ती पद्धत बसवली. सोसायट्यांनी का करू नये?

पेठकरी:
मालकाच्या कंपनीत पगारी माणूस कितीशी हरकत घेणार हो? आणि तुम्ही अकरा घरं एकमेकांना निवडून आलात. आमच्याकडे ८४ फ्लॅट, तळमजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टच्या खर्चाला आठ वर्षं 'तात्त्विक विरोध' करतायत. त्यांची हरकत खरी की खोटी हे ठरवणार कोण? पुनर्विकासाला पूर्वी ७५ टक्के लागायचे, २०१९ च्या शासन निर्णयाने ५१ वर आणले ते उगाच नाही.

डोंगरउतार:
'मला लिफ्ट लागत नाही' ही हरकत नव्हे, आवडनिवड झाली. खर्चाची वाटणी चुकीची असेल तर मात्र ती हरकत, आणि मग वाटणी बदला की.

रानवाट:
मेंढा-लेखाचं नाव कसं नाही आलं अजून? गडचिरोलीतलं गाव, ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, २००९ ला सामूहिक वनहक्कही मिळवले. पण तिथे आधी अभ्यास गटात विषय महिनोन्‌महिने घोळवतात. आपल्याकडे एजीएमला अर्धे लोक वडा संपवून निघतात, त्यामुळे पद्धतीला नावं ठेवण्याआधी बसायची तयारी आहे का बघा.

सून_नंबर_दोन:
सगळी पुरुष मंडळी बोलताय म्हणून विचारते. सासूबाई शेजारी बसल्यात, गोलात माझी पाळी आली, मी काय बोलणार? 'माझी काही हरकत नाही.' हे वाक्य मी लग्नापासून म्हणतेय आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. चिठ्ठीने मतदान झालं तर निदान चिठ्ठी माझी असते.

पेठकरी:
वा ताई. आता बोला उतारराव.

डोंगरउतार:
याला उत्तर नाहीये माझ्याकडे. आमच्या गोलात तीन सुना आहेत आणि दोन वर्षांत तिघींपैकी एकीनेही हरकत घेतलेली नाही, हे मी आत्ता मोजलं. येत्या रविवारी पहिल्या फेरीला हरकती चिठ्ठीवर लिहून घेऊ म्हणतो, बघू काय निघतं.

पेठकरी:
अक्षर ओळखू येईल. टाइप करून घ्या.