वरच्या पोझिशनची भीती शिकवण्याच्या क्रमामुळेच बसते का?

मोकळी_तार
व्हायोलिन शिकवायचा रस्ता ठरलेला आहे. आधी पहिली पोझिशन (पोझिशन म्हणजे डावा हात तारांवर ठेवायची जागा; आकडा वाढेल तसा हात वर, अंगाकडे सरकतो आणि स्वर उंच होतात), ती बरेच दिवस. मग तिसरी, मग केव्हातरी पाचवी, आणि त्याच्या वरचं "पुढे बघू". माझ्या मते भीती इथेच बसते. हात पहिल्या पोझिशनमध्ये एकदा मुरला की उरलेला फिंगरबोर्ड, म्हणजे तारांखालची बोटं दाबायची पट्टी, परका वाटायला लागतो, आणि मग आपण आत्मविश्वास कसा आणायचा यावर डोकं खाजवत बसतो.

विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांतच वर न्यावं. तारेच्या बरोबर मध्यावर बोट न दाबता नुसतं टेकवलं की मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकातला हार्मोनिक, म्हणजे शिळेसारखा मोकळा उपस्वर, वाजतो. तिथपर्यंत हात सरकवत न्यायचा, परत आणायचा. जागा थोडी हुकली तर तो वाजणार नाही किंवा खरखरेल, पण वाजला की सुरातच वाजतो. नवशिक्याला याहून निर्धोक जागा कुठली?

चौथं_बोट
साफ असहमत. वर फिरून येणं म्हणजे वाजवणं नव्हे, ती सहल झाली.

जरा मापं बघा. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनची वाजती तार साधारण ३३ सेंटीमीटर. नटपासून (तारा जिथून सुरू होतात ती वरच्या टोकाची पट्टी) पहिला पूर्ण स्वर साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास येतो. सप्तकभर वर गेलात की तेच अंतर निम्मं, म्हणजे पावणेदोन-एक सेंटीमीटर. अर्धस्वर तर तिथे एक सेंटीमीटरही भरत नाही, बोटं एकमेकांना ढकलतात. ज्याची चार बोटांची चौकट, म्हणजे बोटांमधली ठरलेली अंतरं, खालीच पक्की नाही त्याला ती वर आवळता कशी येणार? कणसूर वाजवायची सवय पूर्ण फिंगरबोर्डभर पसरेल, एवढंच.

मोकळी_तार
@चौथं_बोट मापं मान्य, निष्कर्ष नाही. अंतर आवळत जातं हे हाताला लवकर कळलेलं बरं की दोन वर्षं एकच माप घोटल्यावर?

आणि वर सगळं नवीन नसतं. व्हायोलिनच्या चार तारा जी, डी, ए, ई. ए तारेवर पाचव्या पोझिशनचं पहिलं बोट म्हणजे एफ शार्प, अगदी तोच स्वर जो ई तारेवर पहिल्या पोझिशनच्या पहिल्या बोटाला मिळतो. आधी तो खाली वाजवा, कानात धरा, मग ए तारेवर वर जाऊन शोधा. ताडून बघायला साक्षीदार शेजारच्याच तारेवर बसलेला आहे. हे विद्यार्थ्याला किती उशिरा सांगतात!

गजवाला
दोघंही डाव्या हाताबद्दलच बोलताय. निम्मी भीती गजाची असते.

वर गेलं की तारेचा वाजता भाग आखूड होतो. गज मात्र खालच्या पोझिशनला होता त्याच जागी आणि तेवढ्याच वेगाने फिरत राहतो. मग आवाज पातळ होतो, कचकतो, आणि वादकाला वाटतं बोट चुकलं. तो बोट हलवून बघतो, सूर असलेलाही जातो. गज घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पुलाच्या) जवळ आणा, वेग कमी करा, वजन तारेत उतरू द्या. एकच वरचा स्वर धरून गज हळूहळू घोडीकडे सरकवत न्या. एका ठिकाणी आवाज एकदम उघडतो. ते ज्याने ऐकलं त्याला वर जायला फारसं समजवावं लागत नाही.

उशिरा_सुरुवात
मोठेपणी शिकायला लागलोय. मला वर जायची भीती नाही, खाली यायची आहे! परत येताना वाद्यच हाताबरोबर ओढलं जातं. हनुवटीने जोरात दाबलं की मान आखडते. टेप लावून वरच्या जागा खुणावल्या तर?

चौथं_बोट
@उशिरा_सुरुवात टेपचा आणि वाद्य ओढलं जाण्याचा संबंध नाही. अंगठा बघा. चौथ्या पोझिशनच्या आसपास तळवा व्हायोलिनच्या खांद्याला टेकतो. तिथून वर जाताना अंगठा व्हायोलिनच्या मानेच्या मुळाच्या वळणाशी येतो आणि बहुतेकांचा तिथेच गच्च बसतो. उतरताना तो आधी सैल होऊन मागे यायला हवा, बाकी हात त्याच्या मागून. हनुवटीचा जोर वाढवून हे सुटत नाही. चिनरेस्ट, म्हणजे हनुवटी टेकवायचा आधार, आला १८२० च्या सुमारास, जर्मन व्हायोलिनवादक लुई श्पोर यांच्यामुळे. त्याआधीही लोक वर वाजवतच होते.

मोकळी_तार
आणि टेपऐवजी कान. ए तारेवर तिसऱ्या पोझिशनचं पहिलं बोट डी वर पडतं. बरोबर पडलं तर मोकळी डी तार आपोआप थरथरते, जवळून बघितलं तर डोळ्यांनाही दिसते. टेप असं काही सांगत नाही.

दुसरी_रांग
मी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनला असतो. पहिली आणि तिसरी पोझिशन येत असली की बहुतेक भागतं. एवढा अट्टहास कशाला?

गजवाला
@दुसरी_रांग वर जाणं फक्त उंच स्वरासाठी नसतं. बाखच्या ऑर्केस्ट्रा सुइटमधली ती प्रसिद्ध संथ धून व्हायोलिनवादक ऑगस्ट विल्हेल्मी यांनी १८७१ मध्ये व्हायोलिनच्या एकट्या जी तारेसाठी बसवली. ते स्वर वरच्या तारांवर खालच्या पोझिशनमध्ये आरामात मिळतात. पण जाड तारेवर वर चढून जो घट्ट, गडद आवाज येतो तो तिथे नाही. रंग हवा असेल तर चढावं लागतं.

चौथं_बोट
हे शंभर टक्के. पण मूळ मुद्दा सोडत नाही. @मोकळी_तार, हार्मोनिकपर्यंत हात नेऊन आणायला माझी हरकत नाही, हात मोकळा होईल. बोट दाबून स्वर लावायला मात्र चौकट बसेपर्यंत थांबा. शिफ्टमध्ये, म्हणजे एका पोझिशनमधून दुसरीत जाताना, निघणारं बोट हलकं होऊन तारेवरून सरकतं आणि पोचल्यावरच नवं बोट पडतं, हे नवशिक्याला खालीसुद्धा जमत नाही. तो उडी मारतो.

मोकळी_तार
उडी मारतो कारण कुठे पोचायचंय ते त्याने आधी ऐकलेलं नसतं. वरचा स्वर आधी गायला लावा, मग हात हलवू द्या, आणि हो, दाबायलाही लावा. कणसूर लागला तर गायलेल्या स्वराशी तोच ताडून बघेल. तुमची चौकट पक्की होईपर्यंत थांबलेले बरेच जण अजून तिसऱ्या पोझिशनलाच थांबलेले आहेत.

चौथं_बोट
आणि तुमच्याकडून घाईने वर गेलेले माझ्याकडे सूर दुरुस्त करायला येतात. :)