ऑडिओ थ्रेडमधला ब्लॉकिंग कॉल: पकडायचं काम कंपायलरचं की आपलं?

धागाकर्ता, कुडाळ

रिअल-टाइम कोडमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम संपवावंच लागतं अशा कोडमध्ये, थांबवून ठेवणारा (ब्लॉकिंग) कॉल शिरलाय का, हे दर बिल्डला कंपायलरने (कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने) तपासलंच पाहिजे आणि इशारा आला तर बिल्ड पास होता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. आमच्या गटात यावरून दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतोय.

दशावतारी नाटकांच्या माइकसाठी आम्ही एका छोट्या लिनक्स संगणकावर रिव्हर्ब देणारा आणि शिट्टी दाबणारा प्रोग्रॅम लिहितोय, सी प्लस प्लसमध्ये. सेकंदाला ४८,००० सॅम्पल आणि ६४ सॅम्पलचा बफर (एका खेपेचा तुकडा), म्हणजे कॉलबॅकच्या, दर बफरला आवाज भरून देणाऱ्या फंक्शनच्या, हातात १.३३ मिलिसेकंद. तेवढ्यात तो परतला नाही की स्पीकरमधून ‘फट्’. जत्रेत पहाटे पायपेटी आणि मृदंग रंगात आलेले असताना हा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी घरी कितीही वाजवा, येत नाही.

मॅलॉक (मेमरी मागणारा कॉल) बहुतेक वेळा चटकन परततो. कधीतरी मात्र त्याच्या आतलं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) दुसऱ्या थ्रेडकडे (समांतर चालणाऱ्या कामाकडे) असतं, किंवा कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) नवी मेमरी मागावी लागते. सरासरी वेळ मोजून हे कळत नाही, कारण आपल्याला मारते ती सगळ्यात वाईट वेळ. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एलएलव्हीएम २० या कंपायलर-संचात यासाठी रिअलटाइम सॅनिटायझर आहे, तो प्रोग्रॅम चालू असताना तपासतो. फंक्शनवर ‘नॉनब्लॉकिंग’ खूण करायची. ते चालू असताना खाली कुठेही मॅलॉक, फ्री (मेमरी परत करणं), म्युटेक्स (एक प्रकारचं लॉक) धरणं किंवा फाइल उघडणं झालं, की तो प्रोग्रॅम तिथेच थांबवतो आणि कुठून कुठे कॉल गेला ते दाखवतो. मग हे सक्तीचं का करू नये?

चिपळूणहून

कारण जो रस्ता चालला तेवढाच त्याला दिसतो. तुमच्याच कोडमधलं उदाहरण घ्या. स्क्रीनवर प्रीसेट (आवाजाच्या सेटिंगचा संच) बदलला की जुना प्रीसेट शेअर्ड पॉइंटरमध्ये राहतो; त्याचे मालक अनेक असतात आणि शेवटच्याने सोडला की मेमरी परत जाते. शेवटचा मालक यूआय (स्क्रीन सांभाळणारा) थ्रेड ठरला तर फ्री तिकडे होतं, ऑडिओ थ्रेड ठरला तर कॉलबॅकमध्ये. कोण शेवटचा, हे त्या क्षणाच्या वेळेवर ठरतं. टेस्टमध्ये शंभर वेळा यूआय जिंकेल, सॅनिटायझर गप्प बसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. मला भीती त्या निर्धास्तपणाची आहे. सक्ती करायचीच तर रिव्ह्यूची, म्हणजे दुसऱ्याने कोड वाचून तपासण्याची, करा.

धागाकर्ता, कुडाळ

नेमकं हेच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्याच एलएलव्हीएमच्या क्लँग २० या कंपायलरमध्ये फंक्शन इफेक्टचे इशारेही आलेत आणि ते कोड न चालवता तपासतात. नॉनब्लॉकिंग फंक्शनमध्ये शेअर्ड पॉइंटर नष्ट होतोय म्हटल्यावर शेवटचा मालक कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही, फ्रीपर्यंत वाट जाते एवढं पुरे. रिव्ह्यू करणारा माणूस रात्री अकराला व्हेक्टरचा (वाढत्या यादीचा) पुशबॅक (शेवटी भर घालणं) बघतो आणि पुढे जातो. क्षमता संपली की तो पुशबॅक नवी जागा मागतो, हे ठाऊक असूनही नजरेतून सुटतं.

मालवणातून

तुझा म्हणणा माका पटाक नाय. तुम्ही दोघंही लॉक म्हणजे गुन्हा असं धरून चाललाय.

१९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. कमी प्राधान्याच्या हवामानाच्या कामाने म्युटेक्स धरला होता, मधल्या प्राधान्याचं काम त्याला पुढे सरकू देत नव्हतं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम ताटकळत होतं. पृथ्वीवरून दुरुस्ती केली ती लॉक काढून नव्हे, त्या म्युटेक्सवर प्राधान्याचा वारसा (लॉक धरणाऱ्याला ताटकळणाऱ्याचं प्राधान्य मिळणं) चालू करून. आता ६.१२ आवृत्तीपासून रिअल-टाइम प्रीएम्प्शन (तातडीच्या कामासाठी चालू काम मध्येच थांबवणं) मुख्य लिनक्स कर्नलमध्येच आहे. किती थांबायचं याला मर्यादा असेल तर थांबणं चालतं, पण तुमचं साधन तो फरक करत नाही.

उलट पेज फॉल्ट घ्या. कॉल एकही नाही, नुसतं ॲरेमधून वाचलं आणि ते पान मेमरीत नव्हतं, की थ्रेड थांबला. हे दोन्हींपैकी कोणी पकडत नाही. एमलॉकऑल करा (सगळी पानं मेमरीतच राहतील) आणि खऱ्या यंत्रावर, खऱ्या भाराखाली रात्रभर सायक्लिकटेस्ट (थ्रेड ठरल्या वेळी उठायला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) लावा. आकडा बघून बोला.

देवगडहून (हार्डवेअरचे ड्रायव्हर लिहिते)

मी धागाकर्त्यांच्या बाजूने. कर्नलमध्ये ‘माइट स्लीप’ नावाची तपासणी आहे. मेमरी सहज मिळणार असली, प्रत्यक्षात झोपायची (थांबून राहायची) वेळ येणार नसली, तरी चुकीच्या जागी झोपू शकणारा कॉल दिसला की ती ओरडते. ‘झोपला’ नव्हे, ‘झोपू शकतो’ एवढ्यावर. हे आधी जाचक वाटतं. पण दिवसा, जत्रेला गर्दी नसताना दोष सापडतो तो यामुळेच.

मालवणचे दादा, वारशाने प्रश्न सुटतो तो लॉक धरणारा लवकर सोडणार असेल तर. यूआय थ्रेड लॉक धरून प्रीसेटची फाइल वाचत असेल, तर त्याला कितीही वरचं प्राधान्य द्या, मेमरी कार्ड आपल्याच वेगाने चालणार. पेज फॉल्टचं मात्र मान्य. सायक्लिकटेस्ट कर्नलचा उशीर मोजते, तुमच्या कॉलबॅकमध्ये काय लिहिलंय ते तिला दिसत नाही, दोन्ही हवं.

चिपळूणहून

ताई, कर्नलमध्ये सगळा कोड एका छताखाली आहे. इथे एफएफटीची (आवाजातल्या वारंवारता वेगळ्या करणारी) लायब्ररी बाहेरची, तिच्यात खुणा नाहीत, त्यामुळे इशाऱ्यांचा पूर येतो. मग लोक स्वतःच तिच्या फंक्शनवर ‘नॉनब्लॉकिंग’ लिहून मोकळे होतात, आत काय आहे ते न बघता. किंवा सॅनिटायझर तात्पुरता बंद करणारी ओळ टाकतात. सक्ती केली की हेच होणार.

धागाकर्ता, कुडाळ

बाहेरच्या फंक्शनवर खूण करायची तर ती एकाच हेडर फाइलमध्ये, आणि ते फंक्शन सॅनिटायझरखाली चालवल्याशिवाय नाही, असा नियम घालू. बंद करणारी ओळ शोधायला ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) पुरतो. प्रीसेटचं मी आज बदलतोय: जुना पॉइंटर लॉक-फ्री (लॉक न वापरणाऱ्या) रांगेतून यूआय थ्रेडकडे परत, फ्री तिथेच. रांगेची जागा आधीच राखलेली. ती भरली तर काय करायचं, यावर चिपळूणकरांचं मत हवंय.

चिपळूणहून

भरली तर नवा प्रीसेट घेऊच नका, जुनाच वाजू द्या. कोड टाका, बघतो. सक्तीला माझा विरोध कायम आहे.